शिकागोची सुट्टी

१३ मार्च २००६, सोमवार
पोचलो एकदाचे! आमच्या अर्विंगपासून शिकागोपर्यंत – अख्खा दिवस नि रात्र बसमध्ये. उतरलो तर पाऊस, आणि वारा असा की छत्री उलटीच झाली. रुपाली न्यायला आली होती. कॉलेजनंतर चौदा वर्षांनी भेटलो. तिनं बॅगा उचलल्या, विचारलं काही नाही.
मुलांना सांगितलंय – स्प्रिंग ब्रेकची ट्रिप! बाबांना ऑफिसचं काम आहे. निमिष पाच वर्षांचा, त्याला पटलं. अबोली नऊची. तिला नाही.

१४ मार्च
म्युझियम. निमिष डायनासोरच्या सांगाड्यापासून हलेचना. "आई, ही इज बिगर दॅन आवर हाउस!" पावसामुळे अख्खं शहर पोरांना घेऊन तिथंच लोटलेलं. गर्दीत जरा बरं वाटलं. मग अबोली म्हणाली, "व्हाय डू यू कीप लुकिंग बिहाइंड अस?"
काय सांगू?
इथे तरी लिहिते. शनिवारी सिद्धेशनं माझं डोकं फ्रिजवर आपटलं. कारण काय, तर त्याचा फोन उचलायला उशीर झाला. पहिली वेळ नव्हे. पण या वेळी निमिष मध्ये आला, तर त्यालाही ढकललं. आपल्या नवऱ्याबद्दल हे लिहिताना हात थांबतो. रविवारी तो क्रिकेटला गेला आणि आम्ही निघालो.
माझा पासपोर्ट त्याच्या लॉकरमध्ये. व्हिसा त्याच्या नोकरीवर. "घे की डिव्होर्स. तू इंडियात जाशील, पोरं अमेरिकन आहेत, माझ्याकडे राहतील." हे ओरडून नाही म्हणत. चहा पिता पिता म्हणतो.

१५ मार्च
पाऊस. उंच टॉवरवर चढलो. काचेपलीकडे नुसतं पांढरं. "व्हेअर इज द सिटी?" म्हणून निमिष रडला. मलाही आवरेना – बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं खाली वाकले.

१६ मार्च
संजयनं – रुपालीच्या नवऱ्यानं – सिद्धेशला फोन केला! मला न विचारता! "शैलजा, तो काळजीनं वेडा झालाय यार. घराघरांत होतं असं. पोरांकडे बघ जरा." रुपाली ओट्याकडे तोंड करून उभी. तिच्यावर रागावता येत नाही. तिला याच घरात राहायचंय.

१७ मार्च
आला. निमिषला रिमोटचा ट्रक, मला फुलं. हॉलमध्ये संजयसमोर हात जोडले – "चुकलं माझं." डोळ्यांत पाणीसुद्धा!
मग जिन्यात आम्ही दोघंच. हळूच म्हणाला, "घरी चल. मग बघतो."
दुपारी लेकवर नेलं सगळ्यांना. भर पावसात फोटो. माझ्या खांद्यावर हात. "स्माइल!" हसले मी.
उद्याची तिकिटं काढलीत त्यानं. जाणार. दुसरं काय करू? पोरांना सोडून राहू?
अबोली म्हणाली, "यू सेड इट वॉज अ व्हेकेशन." मी तिची वेणी घालत राहिले. "तो परत मारेल तुला," हे मात्र मराठीत म्हणाली. माझे हात थांबले. मग वेणीला रबर लावला.

१८ मार्च
एअरपोर्टवर चेकिंगच्या रांगेतून अबोली निघाली ती थेट तिथल्या पोलीसबाईकडे. "माय डॅड हिट्स माय मॉम. प्लीज डोन्ट मेक अस गो होम." सिद्धेश हसला – "किड्स!" बाई हसली नाही. त्याला लांब उभं केलं. मला विचारलं, "इज दॅट ट्रू, मॅम?"
"हो," म्हणाले. मराठीतच. मग "येस". मग पुन्हा "येस".
विमान गेलं. आम्ही तिघं त्यात नव्हतो. आता कुठे आहोत, ते इथेसुद्धा लिहीत नाही.