ओटीत गेलेला खपली गहू

तीर्थस्वरूप केवळाआत्या यांना भाची ऋतुजाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आमच्याकडून जाताना तुम्ही एसटीची पायरी दोनदा चुकलात असं अण्णांनी सांगितलं, तेव्हापासून काळजी लागली आहे. तेल लावता ना? गाय व्याली का? घरी सगळे मजेत असतील. आम्ही मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

फोनच करणार होते, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं चुलीपर्यंत ऐकू जातं, आणि हा विषय आईसमोर काढायची सोय नाही. म्हणून सगळं लिहिते.

तुम्हाला माहीत आहेच, की कृषी पदवी घेऊन मी घरी आले ती नोकरी शोधायला नव्हे, तर आपल्या गव्हाचं भलं करायला. अण्णांनी मला खपलीसाठी चार गुंठे दिले. दोन गुंठ्यांत मी शेणखत आणि जीवामृत घातलं, दोन गुंठ्यांत अण्णांनी नेहमीप्रमाणे युरिया-डीएपी. माती एक, पाणी एक, बियाणं एक. कोणत्या गव्हात प्रथिनं, लोह, जस्त जास्त भरतं, ते लातूरच्या प्रयोगशाळेत मोजून घ्यायचं. अण्णांची अट अशी : "कागदावर तुझा गहू सरस निघाला तर फुडल्या साली अख्खा एकर तुझा. न्हाई निघाला, तर युरियाचं पोतं तूच डोक्यावर घेऊन बांधावर न्यायचं."

आत्या, या एकरासाठी मी काय काय ऐकून घेतलं! जीवामृतात डाळीचं पीठ आणि गूळ कालवला, तर आई म्हणाली, "माणसाला भजी न्हाईत अन् गव्हाला बेसन!" शेजारचे चंद्रप्पा रोज बांधावर येऊन विचारायचे, "बाळंतीण कशी हाय?" (गव्हाला डिंकाचे लाडू कधी घालणार, हेही त्यांनीच विचारलं.) शिवाय कॉलेजच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, की युरियाच्या गव्हात प्रथिनं जास्तसुद्धा भरू शकतात, बाकीचं मोजल्याशिवाय कळणार नाही. शास्त्रात आपल्या मनाला मत नसतं, हे मला मान्य आहे. माझ्या मनाला अजून नाही.

खपलीची साल मळणीत सुटत नाही, त्यासाठी वेगळं मशीन लागतं. म्हणून दोन्ही गव्हांची पोती लोह्याला नेली. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात मशीनवाल्यानं दोन्हीकडची पोती एकत्र ओतली. वर मला म्हणतो, "ताई, गहू तो गहूच की." मी तिथेच रडले असते, पण नशिबानं नमुन्याचे दोन-दोन किलो मी आधीच बाजूला काढले होते. ते घरी उखळात सडले (तळहाताला चार फोड), दाणा-दाणा निवडला आणि कापडी पिशव्यांत भरला. शेणखताच्या पिशवीला हिरवा दोरा, युरियाच्या पिशवीला लाल. उंदीर नको, ओल नको, कुणाचा हात नको, म्हणून घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली आणि दोन्ही पिशव्या देवघरात ठेवल्या.

पदवीत हे शिकवत नाहीत, की सडून, निवडून देवापुढे ठेवलेला गहू घरात कशासाठी असतो. सोमवारी तुम्ही निघालात तेव्हा मी शेतात होते. संध्याकाळी येऊन बघते तर हिरव्या दोऱ्याची पिशवी रिकामी, धुऊन वाळत घातलेली. आई म्हणाली, "नणंदेची ओटी भरली. किती शहाणी लेक माझी, म्हटलं, आत्यासाठी आधीच निवडून ठेवलाय!" तिच्या तोंडावर इतकं कौतुक होतं, की मी फक्त "हाव" म्हणाले.

तुम्ही आनंदानं नेलंत याचा मला आनंदच आहे. प्रकृतीला जपा. बाकी विशेष काही नाही.

तुमची भाची,
ऋतुजा

ता. क. : तो गहू दळू नका!! ओटीतलं परत मागत नाहीत, हे मला कळतं. अण्णांना म्हटलं तुम्ही आणा, तर ते म्हणाले, "भाऊ बहिणीच्या ओटीत हात घालतो व्हय?" म्हणून मी एक मार्ग काढला आहे. मंगळवारी मी आईला घेऊन मुदखेडला येते. तुम्ही त्याच गव्हानं आईची ओटी भरा. पुढचं मी बघते. प्रयोगशाळेत शुक्रवारपर्यंत नमुना घेतात. (आईला तुमचा गुडघा बघायला जायचंय, एवढंच सांगितलं आहे. थोडं लंगडा.)

ता. क. दुसरा : दळला असेल तर पीठ राखा. पोळ्या झाल्या असतील तर मात्र कशा झाल्या ते प्रामाणिकपणे कळवा. पाकीट मिळालं नाही, म्हणून पत्र नुसती घडी घालून, मुदखेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायला अण्णांजवळ देते आहे. ते दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत.

अक्का, वाचलं. गहू दळला असला तर मनाला लावून घेऊ नको. मशीनवर न्यायच्या आधीच हिच्या शेणखताच्या गव्हाचं एक पोतं मी सालीसकट काढून ठेवलंय, बियाण्याला. कागद काही म्हणू दे, एकर तिलाच द्यायचा हाय. नमुना बी बुधवारी त्यातलाच काढून देतो. पण मंगळवारपर्यंत तू बोलू नको. रुक्मिण दोन वर्षं कुठं घराबाहेर पडली न्हाई, या निमित्तानं तुझ्याकडं दोन घास खाऊन येईल. — किशन