तळ्याकाठचे तिघे

३ मार्च
दिवसभर हिचं कपाट आवरलं. रंगाच्या ट्यूब, डिंकाची बाटली, रसायनांच्या डब्या, आणि तो पिनहोल कॅमेरा. म्हणजे एक लाकडी डबा, पुढे सुईच्या टोकाएवढं भोक. भिंग नाही, बटण नाही. हिला जाऊन सहा महिने झाले, कपाट तसंच होतं.

दुपारी दाढीवाल्यांचा फोन. हिच्या फोटोक्लबातले. बावीस तारखेला प्रदर्शन आहे, एक भिंत हिच्यासाठी ठेवली आहे. तळ्याचा एक रंगीत फोटो हिने काढला होता, पण कागदावर उतरवायचा राहून गेला. त्याच्या तीन निगेटिव्ह घरात असतील, त्या द्या, मी छापतो, म्हणाले. मी म्हटलं, मीच छापीन. त्यावर ते म्हणाले, बघा, दिवस थोडे आहेत. निगेटिव्हची एवढी घाई कशाला?

संशयी स्वभाव माझा नाही. पण सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. नजर जाते.

निश्चय : आठवड्यात प्रिंट तयार.

५ मार्च
मेहुणीला सांगितलं. ती म्हणाली, भाऊजी, तुमचं अंडं उकडताना फुटतं, आणि तुम्ही फोटो छापणार? हिची धाकटी बहीण. तोंडाला लगाम नाही.

दाढीवाल्यांकडून फोनवर कृती घेतली. एकाच देखाव्याच्या तीन निगेटिव्ह, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून घेतलेल्या. कागदाला रसायन लावायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. आधी निळा थर, मग गुलाबी, मग पिवळा. तीन थर नेमके एकावर एक बसले की सगळे रंग दिसतात. गुलाबी आणि पिवळा रंग डिंकात कालवायचा. तो ओला असेपर्यंत ब्रशने पुसता येतो, असंही सांगितलं.

सोपं आहे. उगाच बाऊ करतात ही मंडळी. बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावलं.

८ मार्च
निळा थर उत्तम. आधीचे चार कागद वाया गेले ते कागदाच्या दोषामुळे. दुकानदाराने जुना माल दिला असणार.

तळं, पलीकडे टेकडी, झाडं. त्या डब्यातून टेकडी इतकी लहान दिसते की जागा कुठली ते कळत नाही.

डाव्या बाजूला दगडावर एक माणूस बसला आहे.

भिंग लावून पाहिलं. चेहरा नुसता डाग. पण पुरुष आहे, आणि ऐटीत बसला आहे. हिने कधी बोलून दाखवलं नाही की कोणी बरोबर होतं.

९ मार्च
मेहुणीला सहज विचारलं, ही फोटोला जायची तेव्हा बरोबर कोण असायचं? म्हणाली, झाडं, दगड आणि डास. हसण्यावारी नेलं. म्हणजे तिला माहीत आहे.

दाढीवाल्यांनाही सहज विचारलं की तुम्ही दाढी कधीपासून ठेवता. कॉलेजपासून, म्हणाले. निळ्या माणसाला दाढी आहे की सावली, हे भिंगातून कळत नाही. हिला ते वहिनी म्हणायचे. तोंडाने तरी.

निश्चय : या विषयावर विचार करायचा नाही. नुसती चौकशी करायची.

१२ मार्च
दोन दिवस ढग. आज ऊन. गुलाबी थर दिला.

आणखी एक माणूस! दगडावर नाही, झाडापाशी. उभा. हात कानाशी, बहुतेक मोबाइलवर बोलतो आहे. म्हणजे दोघे होते. एक बसलेला, एक फोनवर. ही रविवारी सकाळी जायची आणि दुपारी दमून यायची. मी पेपर वाचत असायचो. जेवलात का, एवढंच विचारायची.

रात्री जेवण गेलं नाही. कारण अपचन.

१५ मार्च
पिवळा थर. तिसरा माणूस.

हा तर सगळ्यांत पुढे, कॅमेऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही हात कमरेवर. तळं जणू बापाचं आहे असा उभा. हिच्याकडे बघून काहीतरी बोलतो आहे, बहुधा हुकूम सोडतो आहे. ही असल्या माणसाचं ऐकून कशी घेत होती?

हिच्या भिंतीवर ही टोळी लागणार नाही. पिवळा माणूस ओलाच होता, ब्रश फिरवताच गेला. गुलाबी वाळून घट्ट बसलेला. त्याला टूथब्रश लावला. कागदाची थोडी साल निघाली, पण माणूस गेला. निळा मात्र कागदात मुरला आहे. घासून हात दुखले, हलला नाही.

मन हलकं झालं. उद्या दाढीवाल्यांना चहाला बोलावून समोरासमोर विचारणार. साक्षीला मेहुणी.

१६ मार्च
दोघं आली. प्रिंट टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा कोण? शिवाय याचे आणखी दोन साथीदार होते, ते मी काढून टाकले.

दाढीवाले म्हणाले, तीन माणसं नव्हती हो साहेब, एकच. तिन्ही निगेटिव्ह एकापाठोपाठ एक घेतात. प्रत्येकीला काही मिनिटं लागतात. जे जागेवर राहतं त्याला खरे रंग येतात. जो मध्येच उठतो तो निळा एकीकडे, गुलाबी दुसरीकडे.

मी म्हटलं, ठीक, मग तो एक कोण? दाढीवाले मेहुणीकडे बघायला लागले. मेहुणीने विचारलं, बाकीचे दोघे काय करत होते? मी उठून दाखवलं. एक असा, कानाशी हात. दुसरा असा, कमरेवर हात, मान पुढे.

मेहुणी इतकी हसली की खाली बसली. म्हणाली, भाऊजी, आहात तसेच आरशासमोर जा.

गेलो.

मग आठवलं. हिच्याबरोबर तळ्यावर एकदाच गेलो होतो, ड्रायव्हर आजारी होता म्हणून. हिने दगडावर बसवलं, म्हणाली, हलू नका. मी बराच वेळ बसलो. डब्यातून कसला आवाज नाही, क्लिक नाही. झालं असेल असं कोणालाही वाटेल. ऑफिसचा फोन आला, उठलो. मग जाऊन विचारलं, अजून किती वेळ? आवाज न करणारा कॅमेरा वापरायचा आणि समोरच्याने ओळखायचं, हे तत्त्वतःच चूक आहे.

दाढीवाले चहा पीत म्हणाले, आम्ही वहिनींना सांगितलं होतं, पुन्हा जाऊन काढा, तळं काही पळत नाही. नको म्हणाल्या. हे असेच आहेत, असंच छापायचं.

मेहुणी हसायची थांबली होती. कागदाच्या सोललेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाली, फार जोरात घासलंत हो.

१९ मार्च
निगेटिव्ह शाबूत आहेत. नवा प्रिंट दोन दिवसांत सहज होईल. तिघांनाही ठेवणार.

२१ मार्च
ढग. कालही ढग. दाढीवाले फ्रेमसाठी घासलेलाच प्रिंट घेऊन गेले. मी दिला.

२२ मार्च
प्रदर्शनाला गेलो नाही. गुडघा. मेहुणीचा फोन आला. गर्दी चांगली होती. घासलेल्या जागा लोकांना धुकं वाटल्या, धुक्याचं फार कौतुक झालं. एका बाईंनी विचारलं, दगडावर इतका शांत बसलेला माणूस कोण? मेहुणीने सांगितलं, आमचे भाऊजी. बाई म्हणाल्या, किती धीराचे असतील.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ऊन पडलं, पण उशीर झाला होता. ब्रश धुतले. ट्रे धुऊन पालथे घातले.