पाण्याच्या फळ्यावरची शेळी

निगडी प्राधिकरण,
गुरुवार

प्रिय नीला,

तुझं निमंत्रण पोचलं. जाड कागद, सोनेरी कड, पुण्यातलं हॉटेल, आणि 'कुरुळी शाळा : शंभर टक्के वाचन' या यशाबद्दल माझा सत्कार. शाल कोणत्या रंगाची हवी, हेही विचारलंयस. आधी भांडून घेते, तब्येतीचं नंतर विचारीन. तसेही तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

त्याच दिवशी तुझ्या ट्रस्टचं दुसरं पत्र शाळेत आलं. त्याला सोनेरी कड नव्हती. चौथीतली मागे पडलेली बाराही मुलं आता वाचू लागली आहेत, सबब त्यांचा जादा वर्ग बंद, आणि तो घेणारी तुमची शिक्षिका नेहा सोमवारपासून तळवड्याच्या शाळेत. झालं, दोन ओळींत वर्ग संपला. नेहाने ते पत्र मला दाखवलं आणि म्हणाली, "मॅडम, मला आनंद व्हायला पाहिजे ना? होत नाहीये."

तू कुरुळीला एकदाच आलीस, उद्घाटनाला, गाडीतून. मी आठवड्यातून तीनदा जाते. निगडीहून भोसरी, भोसरीहून चाकणची बस, आणि मग ट्रेलरच्या रांगेत तासभर खिडकीला नाक लावून बसणं. चौतीस वर्षं कंपनीत साहेबांची पत्रं टाइप केली, आता घरी बसून काय सुनेच्या चुका काढणार, असं म्हणून तूच मला ट्रस्टच्या या वाचनवर्गाच्या कामाला जुंपलंस. शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. त्यांतले मुख्याध्यापक निरंजन सर मतदार याद्या, खिचडीचे फोटो आणि रोज ऑनलाइन भरायची माहिती यांतून डोकं वर काढत नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, सर, तुम्ही वर्गावर जाता तरी कधी? ते म्हणाले, "नेटवर्क गेलं की." हसलेसुद्धा नाहीत. आणि मुलं जालन्याची, बीडची, लातूरची. आईबाप वेगवेगळ्या शिफ्टला. कंत्राट संपलं की खोली बदलते, खोली बदलली की शाळा. त्या बारांतली आमची करिष्मा नऊ वर्षांची आहे आणि ही तिची तिसरी शाळा.

याच वयाचा माझा नातू वाकडला शिकतो. गेल्या वर्षी तो वाचताना अडखळतो असं दिसलं, तर आठ दिवसांत खास शिक्षिका आली. आईबापांना बोलावून कॉफी पाजली आणि समजावलं, की प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. करिष्माची गती वेगळी असून चालत नाही. तिला तुझ्या अहवालाच्या तारखेला वाचता आलंच पाहिजे. आणि आलं नाही, तर दोष तिच्या घराचा, तिच्या भाषेचा, तिच्या आजीच्या अडाणीपणाचा. ही वाक्यं मी तुमच्या बैठकीत ऐकली आहेत, चहाबरोबर.

त्या आजीबद्दलच सांगते. कौशल्याबाई जालन्याकडच्या. मुलगा-सून कामावर, म्हणून नातीला त्याच सांभाळतात. त्यांच्या चाळीच्या मालकाने भिंतीवर एक फळा लावलाय आणि पाण्याची वेळ तो त्यावर लिहितो. कौशल्याबाई आजवर शेजारणीला विचारायच्या. पण ट्रस्टच्या वाचन-पडताळणीत पास झाल्यावर तुम्ही करिष्माच्या फ्रॉकला 'मी वाचते' असा बिल्ला लावलात, तेव्हापासून शेजारणीचे उपकार संपले. रविवारी त्यांनी नातीला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, वाच. पोरगी घडाघडा वाचत सुटली. सोमवारी कौशल्याबाई रिकामा हंडा काखेला मारूनच शाळेत आल्या. "मॅडम, तुमची पोरगी फळा लई झ्याक वाचती. पर त्यात शेळी निघती अन् छत्री निघती. पाणी कव्हा येणार, ते काही निघंना."

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. फळ्यावर लिहिलं होतं : मोटार बिघडली आहे. उद्या पाणी पहाटे साडेचारला. करिष्माने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि सुरू केलं, "एका गावात एक शेळी होती. तिने पाटलांची छत्री खाल्ली." बोट शब्दावरून शब्दावर जात होतं. पूर्णविरामाला ती थांबत होती. पाटील ओरडतात तिथे आवाजही चढवत होती. फळ्यावरचे शब्द संपले आणि गोष्ट उरली, तेव्हा बोट पुन्हा पहिल्या शब्दावर आलं. समोरची बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अगं बाई, पाणी शेळीनंच पिलं की मग!" कौशल्याबाई तिच्यावर उखडल्या, "हासू नको. तुझ्या बंड्याला शेळी तरी येती का?" करिष्मा माझ्याकडे बघत होती, शाबासकीसाठी. ती खोटं बोलत नव्हती, नीला. लिहिलेल्या अक्षरांखाली बोट ठेवायचं आणि शेळीची गोष्ट छान म्हणायची, यालाच वाचन म्हणतात, अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. मग मी एकेका मुलाला वेगळं बसवून पाहिलं. बारापैकी नऊ जण असेच.

आता तू विचारशील, पडताळणी झाली होती ना? झाली होती. तुमची वाचनाची गोष्टींची कार्डं चारच, शेळी त्यांतलीच एक. वर्षभर सरावाला तीच, पडताळणीलाही तीच. पडताळणी करणारा तुमचा तरुण अकराला आला, बारा मुलं, बारा खुणा, बारा फोटो, आणि पाऊणला जेवायला बसला. फळ्यावरचा एक शब्द वाचून दाखव, असं एकाही मुलाला म्हणावंसं वाटलं नाही त्याला? ट्रस्टला आकडा हवा, खात्याला आकडा हवा, देणगी देणाऱ्या कंपनीला तर मार्चच्या आत हवा. मुलाला वाचता येणं ही या सगळ्यांत कोणाचीच निकड नाही.

तुला आपल्या कॉन्व्हेंटमधली ती वार्षिक तपासणी आठवते? सिस्टरनी माझ्याकडून दोन पानांचं इंग्रजी भाषण घोटून घेतलं होतं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला असता, तर मी तिथेच रडले असते. पण माझं निभावलं, कारण घरी बाबा रोज रात्री इंग्रजी पेपर वाचून घ्यायचे. तुझ्याकडे तर शिकवायला मडमच यायची. आपण दोघी त्या टाळ्यांमुळे शिकलो नाही, घरामुळे शिकलो, आणि हे मी साठ वर्षं सोयीस्करपणे विसरले होते.

म्हणून हे पत्र, नीला. तुमची चार कार्डं बाराही मुलांकडून मी पाठ करून घेतली. नोव्हेंबरपासून, गेले त्या प्रत्येक दिवशी. बोट कुठे ठेवायचं, कुठे श्वास घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा, सगळं मी शिकवलं. नेहा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "मॅडम, हे वाचन नाही." मी तिला म्हटलं, तू अजून नवीन आहेस. पडताळणीच्या आदल्या आठवड्यात मी करिष्मासमोर वर्तमानपत्राचा मथळा धरला होता. ती शेळीवरच आली. मी पेपरची घडी घातली आणि पुन्हा कार्ड काढलं. मला शंभर टक्के हवे होते. सोबत माझ्या सहीचं निवेदन आहे. कुरुळीचा निकाल रद्द कर, तो वर्ग चालू ठेव, आणि नेहाची बदली थांबव. हीच मुलं जूनमध्ये पाचवीच्या मोठ्या शाळेत गेली, की पन्नास जणांच्या वर्गात कोणी त्यांच्याजवळ थांबणार नाही. ट्रस्टची नाचक्की होईल. होऊ दे, माझं नाव घालून होऊ दे. काल मी त्या मुलांसमोर उभी राहून सांगितलं, की चूक माझी झाली, तुम्हाला अजून वाचायला शिकायचं आहे. कौशल्याबाईंना त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. करिष्माने बिल्ला काढला नाही. तिने एवढंच विचारलं, "मला येत नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. सोमवारी दहा वाजता तिच्यासमोर नेहा उभी असेल की नाही, ते आता तुझ्या हातात आहे.

तुझीच,
विजयश्री