तोंडाचा वास

आकुर्डी, रविवार संध्याकाळ, १९५६

आज मी आबांना मारलं. माझ्या बापाला, चावडीपुढं, सगळ्यांदेखत. चालता चालता त्यांचे पाय एकदम अडले आणि ते धाडकन तोंडावर पडले. हात तर महिनोन्महिने थरथरतोय. दारूबंदीतही चोरून पितात, असंच मी धरून चाललो होतो. पायातली वहाण काढली आणि पाठीत हाणत सुटलो. ओठ फुटला होता त्यांचा, तरी हाणत होतो. तोंडाचा वास नंतर घेतला. नुसता चहाचा.

मी काम करतो त्या कारखान्यातले डॉक्टर तपासून म्हणाले, "कंपवात आहे. असे पुन्हा पडतील."

आधी वास का नाही घेतला मी?

घरी आबा म्हणाले, "प्यालो व्हतो असंच सांग लोकांस्नी. न्हाईतर आजारी बापाला मारलं म्हणून तुला नावं ठेवतील."