खाटेजवळची काचपेटी

बाबा, तुमच्या खाटेजवळ मी समुद्राच्या पाण्याची काचपेटी मांडली होती, तिच्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. त्या पेटीतले मासे कशाने मेले, ते मला काल कळलं.

तुमचा जन्म गलबतावर गेला आणि एका सकाळी जयगडहून तुम्हाला चौघांनी उचलून घरी आणलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात ते पडलातच. आई भरवायला बसली की तोंड मिटून घ्यायचात. मला वाटलं, या माणसाला समुद्र दिसला तर हा जेवेल. तुम्हाला किनाऱ्यावर नेणं जमणारं नव्हतं, म्हणून समुद्रच घरात आणायचा ठरवला. मासिकात अशा पेटीचा एक फोटो पाहिला होता, एवढंच माझं ज्ञान. बालवाडीच्या पगारात विजेचा पंप कुठला परवडायला! बंद पडलेल्या दुकानाच्या शोकेसच्या काचा मागून आणल्या, फटींत पुट्टी भरून पेटी जोडली. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब फुगवली, तिला तुमच्याच सलाईनची नळी लावली आणि नळीवरच्या चाकाने बुडबुडे कमीजास्त केले. पाणी आणायला रॉकेलचा डबा चालेना, बादलीला साबणाचा वास. शेवटी आईने पिण्याच्या पाण्याची तांब्याची कळशी दिली. मी ती चिंचेने लख्ख घासायची, समुद्रावरून भरून आणायची आणि रेती खाली बसावी म्हणून पाणी रात्रभर तिच्यातच ठेवायची.

ओहोटीला कातळातल्या डबक्यांतून चार बोटभर मासे आणि दोन खेकडे धरून आणले. तुम्ही पेटीकडे तोंड वळवलंत. त्या संध्याकाळी पेजेची वाटी संपवलीत. आई देवापुढे जाऊन रडली. मी मात्र अशी फुशारले की विचारू नका.

तिसऱ्या दिवशी खेकडे उलटे पडलेले. मी मेलेलं काढते, नवं आणते, पाणी बदलते, कळशी आणखी घासते. पाणी बदललं की आणखी मरतात. तुम्ही डावा हात उचलून कळशीकडे बोट दाखवता. आई म्हणते, "अगो, त्येंना तहान लागली असंल, पानी दे." मी भांडं तोंडाला लावते. तुम्ही मान हलवता, पाणी उशीवर सांडतं आणि बोट पुन्हा कळशीकडे. मला वाटतं, डोकंही गेलं यांचं.

मग एका दुपारी, आई घरात नसताना, मी पेटीत ओतायला कळशी उचलली आणि तुम्ही तिला असा फटका मारलात की ती गडगडत दारापर्यंत गेली. मी ओरडले, "नको ना? मग मरा तसेच भिंतीकडे बघत!" तेव्हाच्या तेव्हा पेटी उपसून घरामागच्या परड्यात नेऊन टाकली. त्या दिवसानंतर तुम्ही पुन्हा जेवला नाहीत. पाऊस लागायच्या आधीच गेलात.

काल धक्क्याशेजारच्या वाळूत एक म्हातारा वर ओढलेल्या होडीच्या बुडाला लाल रंग देत होता. मी सहज विचारलं, हाच रंग का. म्हणाला, "तांब्याचा हाय, बाय. ह्याला कालवां धरत नायत, किडा लागत नाय. तांबा पान्यात उतरला का मरतात. जुन्या गलबतांना तर तांब्याचा पत्राच मारायचे. गलबतावरच्या मानसाला ह्यां ठावं असतां."

मी तिथेच वाळूवर बसले. तुम्ही सगळं सांगत होतात आणि मी तुम्हाला पाणी पाजत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे? कळशीच्या खाली ठेवीन. ती माळ्यावर आहे, मोडीत द्यायला हात होत नाही. एक गोष्ट मात्र आईलाही कधी सांगितली नाही. त्या दुपारी पेटी फेकून झाल्यावर मी फणफणत येऊन जेवायला बसले. तुम्ही पुन्हा कळशीकडे बोट दाखवलंत. तेव्हा घरात मासे नव्हते, पेटी नव्हती. तुम्हाला तहान लागली होती. मला दिसलं होतं, बाबा. दिवेलागणीला आई येईपर्यंत मी पाणी दिलं नाही.