कळलावीला शेंग धरली

बाबा, तुमच्या कळलावीला शेंग धरली आहे. करंगळीएवढी, हिरवी, अजून कोवळी आहे, पण धरली आहे. सकाळपासून मी सारखी मागच्या कुंपणाशी जाऊन राहिले. शेजारच्या दीदीलाही ओढत नेलं, तर ती म्हणते, "अरे, ये तो कलिहारी है, ज़हर होता है इसमें, और आप नाच रही हैं." नाचतच होते मी. मागच्या पावसाळ्यात कुंपणापाशी पाणी तुंबलं आणि सगळे कंद सडले, एकच वाचला. तोही कधी जाईल याचा नेम नाही. बी धरलं तरच रांझीतल्या या घरात तुमची वेल टिकणार होती.

पहिला कंद तुम्ही बरगीकडच्या जंगलातून आणला होता, डब्याच्या पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला लटकवून. नांगरासारखा, दोन फाट्यांचा. कोंब टोकालाच असतो, तो मोडला की संपलं, म्हणून तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत धरून तुम्ही तो आईला दाखवताय, आणि आई दारातच कडाडते, "कळलावी काहून आणली घरात? भांडणं लागतात हिच्यानं." तुम्ही म्हणालात, लागली तर लागली, आणि खुरपं घेऊन मागे गेलात. मग दर श्रावणात तेच. पानांच्या टोकांना दोरे फुटायचे, ते तारेला गुंडाळत वेल वर चढायची, फुलं यायची, आधी पिवळी, मग लालभडक, पाकळ्या चुलीतल्या जाळासारख्या वर उलटलेल्या. आणि एक दिवस तुम्ही ड्यूटीवरून यायचे तर वेल उपटून पडलेली. मग तुम्ही दोघं असे भांडायचात की बसस्टॉपपर्यंत ऐकू जावं. तुमचं म्हणणं, हिच्या बियांपासून सांध्यांच्या सुजेवर औषध करतात, जंगलातली कळलावी लोकांनी खणून संपवली, आपल्या दारात तरी राहू दे. आईचं म्हणणं, सांधे राहू द्या, माझं डोकं दुखून राहिलं त्याचं काय.

यंदा फुलं भरपूर आली, पण गळून जायची. फुलातली मधली काडी तळाशीच वाकून आडवी बाहेर निघते, त्यामुळे त्याच फुलाचा पराग तिला सहसा लागत नाही, आणि आपल्या गल्लीत फुलपाखरं येतात तरी किती. शेतात लावणारे लोक सकाळी हातानेच पराग लावतात असं मी वाचलं. काडीला कापूस गुंडाळून निघाले, तर भिंत धरत धरत आई मागोमाग. "आण इकडे, मी लावते." ऐंशी ओलांडलेली बाई, चहाचा कप धरताना हात थरथरतात, पण तिथे जराही थरथर नाही. या फुलाची पिवळी पूड त्या फुलाच्या काडीला, अगदी हलक्या हाताने. मी बघतच राहिले. साबणाने तिचे हात धुऊन देताना मी म्हटलं, आई, तू तर हिला उपटायचीस.

"वेल उपटत होते. कंद खणला का कधी? कंद राहिला की येतेच ना ती परत." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे बाबा फॅक्टरीतून येत, जेवत, झोपत. वर्षभर हूं की चूं नाही. तेवढ्या एका दिवशी पोटभर बोलत माझ्याशी."

बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला वाटतं, नव्हतं. मला तर हसू आलं आणि रडूही आलं.

आज शेंग दाखवायला तिला कुंपणाशी नेलं. तिने शेंगेला बोट लावून पाहिलं, तोंडभर हसली, मग वेल बुंध्याशी मुठीत धरली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, उपटून राहिले बरं का मी." आणि तशीच थांबली. मला कळलं. मी आवाज जाड करून म्हटलं, "खबरदार, हात लावशील तर." तिने मूठ सोडली, मान हलवली. "असं नाही म्हणत ते."

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि आईच्या हाती तर लागायलाच नको. कारण खरं सांगते, तुम्ही कसं म्हणायचे ते मला आता आठवत नाही. तिला ते अजून ऐकू येतं.