गाडी स्टँडवरून उतरवू नका

अहो,

गाडी राजूरच्या मिस्त्रीकडं गेली असती तर तुम्हाला दिवसभर गप्पा अन् चार चहा मिळाले असते. तो फायदा मी बुडवला. मागचे दोन्ही शॉकअप मीच खोलले, एकटीनं! गाडी डबल स्टँडवर आहे, पुढच्या चाकाला लाकडं लावलीत, मागचं हँडल शेडच्या पाइपाला दोरानं बांधलंय. तुम्ही रचता तशा विटा रचल्या न्हाईत, म्हणून आडवी झाली न्हाई. तिला बिलकुल हात लावू नका. नवे शॉकअप आणायला जालन्याला चालले. आल्यावर मीच बसवीन, तुम्ही खुर्ची टाकून बघा.

कंबर दुखती हे तुम्ही सांगितलं न्हाई, पण उठताना भिंत धरता ते दिसतं मला. इतके दिवस खड्ड्यांचा दंड तुमच्या कमरेनं भरला, आज शॉकअप खोलताना तुटलेल्या माझ्या अंगठ्याच्या नखानं.

वंदना